रंकाळा संध्याकाळी, बाकीचं आधी

कोल्हापूरला एकच दिवस असेल तर रंकाळ्यावर सकाळी गाडी लावून वेळ घालवू नका. चौपाटीची भेळ आणि शालिनी पॅलेसमागची उन्हं, दोन्ही संध्याकाळचीच. सोमवार मात्र टाळा, टाऊन हॉलचं म्युझियम बंद असतं. चित्रं बघायची आवड असेल तर दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात डोकावा. कलादालनात प्रदर्शन असलं तर अर्धा तास सहज जातो.

अंबाबाईचं दर्शन झालं की चप्पल लाईन. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून ‘अस्सल’ची पाटी जिथं तिथं दिसते, तुम्ही पाटी नको, जोड बघा. उलटा करा: तळ चामड्याच्या वादीनं शिवलेला हवा, खिळा किंवा रबर दिसलं की ठेवून द्या. वास चामड्याचाच यायला हवा, रंगाचा नको. अंगठा थोडा घट्ट बसला तर चालेल, चामडं सैल होतं. टाच बाहेर लोंबत असेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. आणि नवा जोड घालून लगेच रंकाळ्याला फेरी मारायला जाऊ नका, पाय सोलून निघतील. पिशवीतच राहू दे.

कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला दागिना, बघायला गुजरी हा सराफ बाजार; तीही तिथून चालत जाण्याइतकीच.