कुलाबा शोधायला गेलात आणि अलिबागला पोचलात: अभिलेखागारातल्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात विरारहून येणारी एम.ए.ची एक मुलगी फोर्टातल्या वाचनकक्षात माझ्या समोरच्या टेबलाशी बसायची. विषय, कुलाब्याचे कोळी. दोन दिवस तिने मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना हळूच म्हणाली, "मॅडम, कुलाब्याला खारबंदिस्ती आणि भाताची खाचरं कुठे होती हो? सगळ्या पत्रांत तेच चाललंय." खारबंदिस्ती म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध. मी खंडाच्या पाठीवरचं नाव वाचलं. बाईसाहेब अलिबागला पोचल्या होत्या.

मुंबईतला कुलाबा वेगळा आणि कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, वेगळा. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं, तिथे आधी एजन्सी आली आणि पुढे जिल्हा झाला. आज आपण एकाचं स्पेलिंग 'सी'ने करतो, दुसऱ्याचं 'के'ने. कंपनीच्या कारकुनाला असला काही नियम नव्हता, हाताला येईल ते अक्षर तो लिहायचा.

गेली बरीच वर्षं मी मुलांना प्रकल्पासाठी, प्रबंधासाठी दप्तरखान्यात घेऊन जाते. हुशार मुलं असतात, पण अडतात ती ठरावीक जागीच. त्या जागा दाखवण्यासाठी हे लिहितेय.

आजच्या नावाने जुना कागद मागणं

सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात. सूचीत 'वसई' शोधलं तर हाती काही लागत नाही, कारण ती 'बसीन'खाली बसलेली असते. साष्टी 'सालसेट' होते, वांद्रे 'बांदोरा', ठाणे 'टाना'. माहीम तर दोन: एक आपलं दादरच्या पुढचं, दुसरं जुन्या ठाणे जिल्ह्यातला माहीम तालुका, म्हणजे आजच्या केळवे-माहीमचा मुलूख. 'माहीमच्या नारळबागा' असं वाचलं आणि लगेच शिवाजी पार्कच्या आसपासच्या वाड्या डोळ्यांपुढे आल्या, तर थांबा. आधी तालुका बघा.

माणसांच्या नावांचंही तेच. डॉ. भाऊ दाजींचं आडनाव लाड. शिलालेखांवरचे त्यांचे निबंध एशियाटिक सोसायटीच्या जुन्या जर्नलमध्ये आहेत, पण यादी करणाऱ्याने त्यांना 'दाजी'खाली टाकलंय, 'भाऊ'खाली की 'लाड'खाली, ते त्याचं त्याला ठाऊक. विदुषींच्या बाबतीत माहेरचं आडनावही बघावं लागतं. इरावती कर्वे माहेरच्या करमरकर.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. घरून निघायच्या आधी वहीच्या एका पानावर तुमच्या विषयातल्या प्रत्येक गावाची, माणसाची, जातीची, धंद्याची जुनी रूपं लिहून काढा. त्यासाठी कॅम्पबेलने संपादित केलेली बॉम्बे गॅझेटियरची, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथांची मालिका आणि मुंबई शहरापुरते एस. एम. एडवर्ड्‌सचे १९०९-१० चे तीन खंड चाळले तरी निम्मं काम होतं. त्या काळचा साहेब कशाला काय म्हणत होता, ते त्यांत आयतं सापडतं.

दप्तर आपल्या विषयाप्रमाणे लावलेलं असेल असं समजणं

तसं ते नसतं. मुंबईचं सरकारी दप्तर १८२१ पासून एका कचेरीत जमत आलंय आणि आज ते काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. त्याची मांडणी खात्यांप्रमाणे: रेव्हेन्यू, ज्युडिशियल, पब्लिक वर्क्स, जनरल, एज्युकेशन. खात्यात वर्ष, वर्षात खंड, खंडात कंपायलेशन, म्हणजे एका विषयाच्या पत्रव्यवहाराची जुडी. 'कोळी' नावाचं कपाट कुठेही नाही.

मग कोळी कुठे भेटतात? जाळ्यांवरच्या करासाठी रेव्हेन्यूत. किनाऱ्यावरच्या मारामारीसाठी ज्युडिशियलमध्ये. कुलाब्याचा कॉजवे १८३८ मध्ये पुरा झाला, त्याच्यासारख्या कामात कुणाची जागा गेली ते सार्वजनिक बांधकामाच्या पत्रव्यवहारात. शाळेसाठी कुणी अर्ज केला असेल तर एज्युकेशनमध्ये. आपण विचारायचा प्रश्न असा: या गोष्टीने त्या वेळी कुठल्या साहेबाच्या डोक्याला ताप झाला असता? त्या साहेबाचं खातं मागवा. हा प्रश्न मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते. हसतात, पण खंड बरोबर मागवतात.

आणि 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नका. कागद ठिसूळ झाल्यामुळे खंड वाचकाला देत नाहीत, बांधणीला गेलेला असतो किंवा शेजारच्या वर्षात शिवलेला असतो. आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन बघितल्याशिवाय हात झटकू नयेत. सरकारी उत्तराला तेव्हाही वेळ लागायचा.

एकाच जिन्याची सवय

काहीजणांना एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढायची सवय असते, काहींना कलिनाच्या विद्यापीठ ग्रंथालयाची. दुसरीकडे ते पाऊल ठेवत नाहीत. अवेस्ता-पहलवी या पारशी धर्मग्रंथांच्या भाषांसाठी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वासाठी सेंट झेवियर्समधली १९२६ ची हेरास संस्था, मराठी नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, विज्ञानसंस्थांच्या कागदांसाठी कुलाब्याच्या टोकाला टी.आय.एफ.आर.चं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं अभिलेखागार. लोकलच्या एका पासात सगळं बसतं. एशियाटिकचं बरंच जुनं साहित्य 'ग्रंथसंजीवनी' या संकेतस्थळावर घरबसल्याही दिसतं.

'हे माझ्या विषयातलं नाही'

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासवाल्यांना इतिहासकार म्हणून माहीत. टी.आय.एफ.आर.मध्ये ते गणिताचे प्राध्यापक होते. आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांची वजनं घेऊन संख्याशास्त्राने त्यांचा क्रम लावणारे तेच, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढणारे तेच आणि जनुकशास्त्रात आजही ज्यांच्या नावाचं सूत्र वापरतात तेही तेच. १९३१ मध्ये त्यांनी 'बुर्बाकी' नावाच्या न झालेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने एक निबंध छापून गंमत केली. पुढे काही गणिती निबंध 'एस. ड्युक्रे' या टोपणनावाने आले. या माणसाचं काम एका कपाटात सापडेल का? इतिहासाच्या फडताळापाशी थांबलात तर अर्ध्याहून अधिक कोसंबी निसटले.

उलट दिशेचं उदाहरण कुलाबा वेधशाळेचं. १८२६ ची ही वेधशाळा. तिथले लोक चुंबकीय उपकरणांच्या नोंदी पाहून वह्यांत आकडे भरत राहिले. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या प्रचंड वादळाचा धक्का पृथ्वीला बसला आणि कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच नोंदींवरून शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद मोजली. उपग्रह आणि वीजजाळ्यांना असा तडाखा पुन्हा बसला तर काय होईल, हे अजमावताना तो आकडा आजही पुढे येतो. वादळ चालू असताना आकडे टिपणाऱ्याला त्यातलं काय कळलं असेल, कोण जाणे.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजणी बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. म्हणजे कुलाबा शोधताना अलिबागला जाणं कधीकधी बरोबरही असतं!

शोधगंगेत मराठी प्रबंध 'नाही' असं ठरवणं

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची शोधगंगा, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांचं संकेतस्थळ, आता सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.ची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं झालं. त्याआधीचा प्रबंध विद्यापीठाने स्कॅन करून चढवला असेल तरच दिसतो, नाहीतर छापील प्रतीसाठी ग्रंथालयच गाठावं लागतं.

मुलं मराठीत शब्द टाइप करतात, दोन-चार नोंदी येतात आणि निष्कर्ष निघतो: या विषयावर काम झालेलं नाही. मग तेच वाक्य प्रस्तावनेत जातं. मौखिक परीक्षेच्या वेळी समोरचे बाहेरचे परीक्षक नेमके त्याच विषयातले डॉक्टर निघाले की पंचाईत.

कारण तांत्रिक आहे. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळायच्या आधी मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप व्हायचे. पडद्यावर 'जात्यावरच्या ओव्या' दिसतं, पण तेच कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की डॉलरची चिन्हं, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी उमटते. संगणकाला ती खिचडीच दिसते, त्यामुळे मजकुरात शोध लागत नाही. स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं.

तर असं करा. शीर्षक रोमन लिपीत, दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधा. 'ग्रामीण' कुणी एका 'आय'ने लिहितं, कुणी दोन 'ई'ने. तेही जमलं नाही तर विद्यापीठ निवडा, त्यातला विभाग निवडा आणि यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटाने खाली सारत वाचा. मुंबईच्या मराठी विभागाची यादी वाचायला एक चहा पुरतो. एखादा चांगला प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावाने बाकीचे काढा. एका मार्गदर्शकाची मुलं बहुधा शेजारशेजारच्या वावरात नांगरतात.

दुसरं, शोधगंगेवर बहुतेक प्रबंध तुकड्यांत असतात: मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रकरणं वेगळी. लोक पहिलं प्रकरण आणि निष्कर्ष उतरवून घेतात. परिशिष्टाची फाइल कुणी उघडत नाही. मुलाखती, प्रश्नावल्या, गोळा केलेली गाणी, जुन्या पत्रांच्या नकला सगळं त्यात असतं. मी तर प्रबंध मागूनच वाचायला घेते.

आणि प्रबंध व त्यावरून झालेलं पुस्तक एकच समजू नका. डॉ. आंबेडकरांनी कोलंबियासाठी लिहिलेल्या प्रबंधाचं नाव आधी 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' होतं. १९२५ मध्ये छापून आलं ते 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' या नावाने आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. तुम्ही कुठल्या नावाचं, कुठल्या सालचं वाचलंत तेवढंच टिपेत लिहा.

भाषांतराचं भाषांतर करणं

१८६८ पासून मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या उताऱ्यांचा इंग्रजी साप्ताहिक अहवाल काढत असे. एका जागी डझनावारी पत्रं, तीही सोप्या इंग्रजीत, म्हणून सगळे त्यावर तुटून पडतात. मग मराठी प्रबंध लिहिताना ते इंग्रजी परत मराठीत करतात आणि अवतरणचिन्हांत घालून खाली त्या काळच्या पत्राचं नाव टाकतात: 'इंदुप्रकाश'. हे वाक्य 'इंदुप्रकाश'मध्ये कधी छापलंच गेलं नव्हतं!

शिवाय तो अहवाल सरकारने सरकारसाठी निवडलेला. राजद्रोहाचा वास येणारे उतारे त्यात भरभरून, नाटकाची परीक्षणं आणि पुनर्विवाहाच्या जाहिराती क्वचित. त्यावरून 'त्या काळची पत्रं फक्त राजकारणच लिहीत' असं ठरवणं म्हणजे पोलिसांच्या डायरीवरून गावाचं वर्णन करण्यासारखं. अहवालातून तारीख घ्या आणि मूळ अंक शोधा. अंक उपलब्धच नसेल तर 'सरकारी इंग्रजी सारांशावरून' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

तारखांच्या खोड्या

शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं साधारण पौष ते फाल्गुन या महिन्यांत, म्हणजे जानेवारी लागल्यावर, एका वर्षाने चुकतं. तिथे ७९ मिळवावे लागतात. मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदावरचा सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरातली कालगणना, तर अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे एक, वीस, दोनशे आणि हजार, एकूण १२२१. त्यात ५९९ मिळवा, वर्ष मृग नक्षत्रापासून धरा: १८२० चा जून ते १८२१ चा जून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडलेले नसतात, तेव्हा चार ओळी लागल्या म्हणून मोडी येते असं समजू नका. वाचन जाणकाराकडून तपासून घ्या.

घड्याळही जुनं. मुंबईचा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि १९०६ मध्ये देशाला प्रमाणवेळ मिळाल्यावरही शहरात तो १९५५ पर्यंत टिकला. गिरणीचा भोंगा आणि रेल्वेचं वेळापत्रक जुळवायला जाल तेव्हा हे आठवा.

फोटो काढला, पत्ता हरवला

ही चूक माझी स्वतःची. फोटो काढायची परवानगी नवी नवी मिळाली होती. हावरटासारखे एका दिवसात तीनशेच्या वर फोटो काढले. पानं स्वच्छ, अक्षर सुरेख. घरी आल्यावर कळलं, कुठलं पान कुठल्या खंडातलं त्याचा पत्ता नाही. निळ्या पुठ्ठ्यावरून, वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यावरून अंदाज बांधत बसले. शेवटी चाळीसेक पानं ओळखली, उरलेली आजही नुसती शोभेची.

तेव्हापासून खंड हातात आला की पहिला फोटो पाठीचा, दुसरा मागणीचिठ्ठीचा आणि मग प्रत्येक पानाच्या कडेला कागदाची बारीक पट्टी: खातं, वर्ष, खंड, कंपायलेशन, पान. पट्टी पेन्सिलीने लिहायची, पेन दप्तराजवळ काढायचंच नाही.

विरारच्या त्या मुलीने तिन्ही दिवसांचे खंड क्रमांक वहीत नीट उतरवले होते. तिच्या कामाचं त्यात काही नव्हतं. पेणच्या खारबंदिस्तीवर काम करणारा एक मुलगा माझ्याकडे येतो, त्याने ती पानं झेरॉक्स करून नेली.