सिमेंटचा जुना पत्रा काढताय? या चुका टाळा

वळीव तोंडावर आला की कोल्हापूरकडे शाकारणीची घाई उडते. गोठ्यावरचे, गुऱ्हाळघरावरचे जुने सिमेंटचे पत्रे याच वेळी हलवले जातात. त्यांत साधारण 10 टक्के अस्बेस्टॉसचे, म्हणजे श्वासातून गेल्यास फुफ्फुसाला घातक अशा खनिजाचे, तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. आता बिनअस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. जुना पत्रा अस्बेस्टॉसचाच धरून चाला. मात्र धड पत्रा घाबरून उतरवू नका. धोका तो फुटला, कापला, घासला की सुरू होतो.

सर्वांत वाईट चूक पत्रा ग्राइंडरने कापण्याची. पांढरा धुरळा दिसतो, पण त्यातले घातक तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ते तासन्‌तास हवेत तरंगतात. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशर वॉशर मारणंही तसंच. पावसाने वरचं सिमेंट झिजून तंतू आधीच मोकळे झालेले असतात.

आधी पत्रा भिजवा. उसावर फवारणीचा 16 लिटरचा पंप चालतो. औषध मारलेला असेल तर स्वच्छ धुऊन घ्या. पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड टाका, म्हणजे पाणी पत्र्यात मुरतं. नोझल बारीक तुषारावर ठेवा.

पत्रा खालच्या वाशाला धरून ठेवणाऱ्या जे-हुकचे नट गंजलेले असतात. हातोडा घातला की भोकापासून पत्रा तडकतो. त्याऐवजी बोल्ट कटरने हुक तोडा. पत्रा वरून टाकू नका, दोघांनी हातात धरून उतरवा. पत्र्यावर थेट पाय तर देऊच नका. तो अचानक मोडतो आणि माणूस खाली येतो.

तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. बारीक धूळ अडवणारा एफएफपी-3 किंवा पी-100 दर्जाचा मास्क हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. खाली पडलेला चुरा झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं पत्र्याच्या तुकड्यांसोबतच बांधा. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नका. झटकणाऱ्या बाईच्या छातीत तोच धुरळा जातो.

फुटके तुकडे गोठ्यासमोरच्या चिखलात भराव म्हणून टाकायची सवय फार आहे. ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचं पीठ होतं. तुकडे ओले असतानाच 200 मायक्रॉनच्या प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, वर ‘अस्बेस्टॉस’ लिहा आणि विल्हेवाटीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारा.

लगेच खोकला आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अस्बेस्टॉसिस (फुफ्फुस कडक होत जाणं), फुफ्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (बहुधा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार बहुधा 20 ते 40 वर्षांनी दिसतात. विडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. धाप लागू लागली तर पत्र्याचं काम किती वर्षं केलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.