मानसशास्त्र घेताय? आधी या चुका टाळा

दर जूनमध्ये हा प्रसंग ठरलेला. मुलगी नुकतीच टीवायला गेलेली, सोबत वडील. "मॅडम, पुढच्या वर्षी हिचं बी.ए. होतंय. घराखालचा गाळा रिकामाच आहे, क्लिनिक टाकून द्यावं म्हणतो." मी विचारते, "पाटीवर नावाखाली काय लिहिणार?" वडील मुलीकडे बघतात आणि मुलगी माझ्याकडे.

हा प्रश्न बारावीच्या निकालाच्या दिवशीच स्वतःला विचारायचा असतो. बी.ए. केल्याने माणूस पदवीधर होतो, बस्स. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लिहायला भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये नोंदणी लागते. हा १९९२ चा कायदा आहे, कुणाची मर्जी नव्हे. आजवरचा रुळलेला रस्ता असा: एम.ए., मग परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत रुग्णांबरोबर, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गुंडाळलं गेलंय, या विषयापुरती त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. तेव्हा ताईने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर आज कोणते अभ्यासक्रम आणि कोणत्या संस्था मान्य आहेत ते बघा. आणि हो, सायकियाट्रिस्ट वेगळा. तो एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात एम.डी. झालेला डॉक्टर, गोळ्या तो लिहून देतो.

एम.ए. झालंय आणि हे आत्ता कळतंय? मग 'क्लिनिकल' हा शब्द कार्डावरून आजच काढा. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक म्हणून काम करता येतं, फक्त केस घेऊन चर्चेला जाता येईल असं कुणी ज्येष्ठ मागे हवं.

घरबसल्या एम.ए. करण्याचा बेतही आता सोडा. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवू नयेत, असं यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सांगितलंय. त्यात मानसशास्त्र आहे. तरीही "ॲडमिशन चालू आहे" म्हणून फोन करणारे भेटतातच. फी भरण्याआधी खात्री करा.

रीडिंग पाडणं

याबद्दल मी थोडी जास्त बोलणार, कारण ही चूक मीही केली आहे. आमच्या प्रॅक्टिकलला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायचा प्रयोग होता. हात पडद्याआड, समोर फक्त आरसा. रेष वर न्यायला जावं तर पेन्सिल भलतीकडेच पळते. दर फेरीला लागलेला वेळ आणि झालेल्या चुका मोजायच्या. माझी प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती मैत्रीण, गावाला गेली. मी खोलीवर बसून दहा फेऱ्यांचे आकडे लिहून काढले, सुबक उतरता आलेख काढला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडलं आणि विचारलं, "तुमची प्रयुक्त एकदाही कंटाळली नाही? एकदाही हात घसरला नाही?" खरा माणूस चौथ्या फेरीला सुधारतो, पाचव्याला पुन्हा माती खातो. त्या वेड्यावाकड्या आकड्यांतच विषय असतो. पाडलेल्या रीडिंगवर पास होता येतं. पण पुढे समोर बसलेल्या मुलाची चाचणी घेताना हात तयार नसतो.

संख्याशास्त्राचंही तेच. "गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं" म्हणणारी मुलं प्रमाण विचलनापाशी, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत हे मोजण्यापाशी, अडखळतात आणि एम.ए.च्या प्रबंधाला पैसे देऊन विश्लेषण करून घेतात. बुद्धिगुणांक हा शेवटी सरासरीपासूनच्या अंतराचाच हिशेब आहे. तो कळला नाही तर अहवालात काय लिहिणार? एफवायपासून रोज दोन गणितं सोडवा, भीती जाते.

मराठी विसरणं

एम.ए. बहुतेक इंग्रजीतून होतं, पण समोर येणारी बाई "मला पॅनिक अटॅक आला" म्हणत नाही. ती म्हणते, "जीव घाबरा होतो, हातापायातलं बळ जातं, घर खायला उठतं." यातलं काय चिंतेचं, काय नैराश्याचं, काय नुसतं थकव्याचं, हे पुस्तकात नाही. वर्गातल्या प्रत्येक संज्ञेपुढे आपल्या आजीचे शब्द लिहायची सवय लावा. व्ही. व्ही. कामतांनी बुद्धी मोजायची बिने चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली, ती उगाच नाही. भाषा बदलली की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते.

शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांवर हजारो रुपये घालू नका. बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगण्याला तर शास्त्रीय आधारच नाही, त्या कंपन्यांची एजन्सी घेऊ नका. एसवायला विकृती मानसशास्त्र शिकल्या शिकल्या घरच्यांना आजार वाटत सुटणं हेही आलंच. मावशीला मावशीच राहू द्या.

आणि क्लिनिकशिवाय काही नाही हा समज. सैन्यदलाच्या एसएसबी निवडीत मानसशास्त्रज्ञ असतात, संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची दिल्लीत याच विषयाची संशोधन संस्था आहे. सेट-नेट देऊन प्राध्यापकी, कंपन्यांत एचआर, ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास, विशेष मुलांच्या शाळा, हे रस्ते आहेतच. सुट्टीत महिनाभर त्या कामाच्या जागी जाऊन बसा. तो गाळा रिकामा असलेली मुलगी विशेष शाळेत दोन आठवडे गेली होती. परत आली ती चिडून, "मॅडम, तिथे दिवसभर एका मुलाला बुटाची लेस बांधायला शिकवत होते." मग जरा थांबून म्हणाली, "काल बांधली त्याने."