बुद्धिबळाचा लाइव्ह डाव बघताना या चुका टाळा

सर्वात मोठी चूक आधी सांगतो, कारण बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात. आपण पटाकडे बघायचं सोडून बाजूच्या पट्टीकडे बघत बसतो. इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामची, कोण किती वरचढ ते दाखवणारी ती काळी-पांढरी पट्टी जरा खाली सरकली की 'ब्लंडर!' (घोडचूक!) म्हणून ओरडतो. पण खेळाडूसमोर पट्टी नसते. त्याच्यासमोर मोहरी असतात, घड्याळ असतं आणि समोरच्याचा चेहरा असतो.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. चीनचा जगज्जेता डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, भारताचा गुकेश काळ्या. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. पट्टी जवळजवळ शून्यावर होती आणि अनेकांनी तेवढ्यावरच 'बरोबरी झाली, उद्या टायब्रेक (बरोबरी फोडणारे जलद डाव)' असं ठरवून टाकलं होतं. पण ती बरोबरी होती इंजिनच्या खात्यात. डिंगला ती प्रत्येक चालीला नव्याने कमवावी लागत होती, तीही कित्येक तासांच्या बचावानंतर. ५५व्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर (अक्षर म्हणजे उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ) आणून हत्तींच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर ठेवला, आणि कोपऱ्यातल्या त्या उंटाला मारामारी टाळायला वाटच उरली नाही. उंट गेले, मग राहिला राजा-प्याद्यांचा शेवट, आणि तो काळ्याने सहज जिंकलेला. हत्ती एफ२ वर आल्या क्षणी ही गोष्ट गुकेशच्याही लगेच ध्यानात आली नव्हती, हे त्याने नंतर सांगितलं. पट्टीवर नजर असलेल्यांना मात्र ती सेकंदात कळली, आणि 'एवढं साधं कसं दिसलं नाही?' हा प्रश्न सगळीकडे फिरला.

असाच प्रश्न सोची इथे २०१४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंदबद्दल विचारला गेला होता. सहाव्या डावात कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२ वर नेला आणि आनंदला ई५ वरचं प्यादं घोड्याने मारून सरळ वरचढ होता येत होतं. आनंदने ए-स्तंभातलं प्यादं पुढे ढकललं. दोघे जगज्जेते, दोघांच्याही नजरेतून एकच चाल सुटली. इंजिन बंद ठेवून ती स्थिती मांडा, स्वतःला पाच मिनिटं द्या आणि बघा सापडते का. कुणाला सापडेलही. पण 'इथे काहीतरी आहे' असं कुणी आधी न सांगता ती शोधणं वेगळं, आणि खेळाडूला तसं सांगणारं कुणी नसतं.

म्हणून माझी पद्धत अशी: पट्टी झाकून ठेवायची. खेळाडू विचारात बुडाला की आपणही आपली चाल ठरवायची, शक्य तर कागदावर लिहायची. चाल पडली की ताडून बघायची. पट्टी त्यानंतर उघडायची. डाव खऱ्या अर्थाने दिसायला लागतो तो इथून.

पट्टी उघडल्यावरही एक काळजी घ्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांचा आकडा धरून बसू नका. इंजिनची खोली, म्हणजे ते किती चाली पुढचं बघतं ते, अजून वाढत असते. उणे एक (म्हणजे काळा साधारण एका प्याद्याइतका वरचढ) दिसलेलं पुढच्या दहा सेकंदांत शून्यावर येतं. फोनवरचं इंजिन तर आणखी सावकाश खोलात जातं. शिवाय इंजिनने दाखवलेला विजय माणसाला सापडण्याजोगा असतोच असं नाही. २०१८ च्या लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात कार्लसनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अमेरिकेच्या कारुआनाला ६८व्या चालीपासून विजय होता. त्यात त्याने आपला घोडा आपणहून जी१ वर नेऊन ठेवायचा होता. तिथून निघायला तीनच घरं, ई२, एफ३ आणि एच३, आणि जी४ वरून पांढरा उंट ती तिन्ही राखणार! स्वतःचं मोहरं असं कोंडून घ्यायची चाल कुठल्या माणसाच्या मनात येईल? डाव बरोबरीत सुटला, आणि कारुआनाला त्याबद्दल बोल लावणं मला अजिबात पटत नाही.

आता घड्याळ. नियम स्पर्धेगणिक बदलतात आणि ते न बघता डाव बघायला बसणं म्हणजे अर्धा डाव गमावणं. सिंगापूरमध्ये पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि त्या काळात चालीमागे एक सेकंदही वाढत नव्हता. ३० सेकंदांची भर ४१व्या चालीपासून. म्हणजे ३२व्या चालीला चार मिनिटं उरली असतील तर ती खरोखर चारच. नॉर्वे चेस या स्पर्धेत ४१व्या चालीपासून भर मिळते ती १० सेकंदांचीच. जून २०२५ मध्ये तिथे कार्लसन गुकेशविरुद्ध बराच वेळ वरचढ होता, पण त्या १० सेकंदांच्या धावपळीत घोड्याची एक चाल चुकली आणि डाव हातचा गेला. त्या वेळी पट्टीपेक्षा दोन्ही घड्याळं बघणाऱ्यांना डावाचा रंग आधी कळला असणार.

पटावर काही विचित्र दिसलं तर? सर्वात जास्त घोळ शेवटच्या चालीवर होतो. दोन्ही राजे अचानक पटाच्या मधोमध, एकमेकांना चिकटून उभे! तुमचं ॲप बिघडलेलं नाही. पटाखाली सेन्सर असतात आणि डाव संपल्यावर निकाल नोंदवण्यासाठी राजे मधल्या घरांत ठेवतात: दोन्ही राजे पांढऱ्या घरांत (ई४ आणि डी५) असतील तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्या घरांत (डी४ आणि ई५) असतील तर काळा, एक पांढऱ्यात आणि एक काळ्यात असेल तर बरोबरी. ती चाल नव्हेच, तिच्यावर चर्चा करू नका. मध्येच एखादं मोहरं फुकट दिल्यासारखं दिसलं तरी अर्धा मिनिट थांबा. मोहरं घराच्या मधोमध नीट बसलं नसेल तर सेन्सर चुकीचं घर वाचतो आणि थोड्या वेळात दुरुस्ती होते.

प्रक्षेपण मागे आहे का, हेही सुरुवातीलाच बघून घ्या. फसवणूक रोखण्यासाठी काही स्पर्धा मुद्दाम उशिरा दाखवतात. २०२२ च्या सिंकफिल्ड कप या अमेरिकेतल्या स्पर्धेत मध्येच १५ मिनिटांचा उशीर लागू केला होता. चाली एकीकडे आणि व्हिडिओ दुसरीकडे बघत असाल तर दोन्हींत अंतर पडू शकतं. मग खेळाडूच्या चेहऱ्यावरचा धक्का तुम्ही भलत्याच चालीला चिकटवता. दोन्ही एकाच ठिकाणी बघा, किंवा व्हिडिओत घड्याळाचं बटण कधी दाबलं जातं ते पाहून चाली जुळवून घ्या.