सनरूफ गळतंय? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

जूनचा पहिला दणकून पाऊस झाला की सोसायटीतलं कोणी ना कोणी पार्किंगमध्ये गाठतंच, सनरूफ गळतंय, कुठलं सिलिकॉन लावू? कुठलंच नको बाबा. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी शंभर टक्के अडवायला बनवलेलंच नसतं, थोडं पाणी आत येणार हे धरूनच गाडी बनते. ते पाणी काचेखालच्या पन्हाळीत पडतं, पन्हाळीच्या कोपऱ्यांना भोकं असतात, बहुतेक गाड्यांत चार, आणि तिथून बोटाएवढ्या नळ्या खांबांच्या आतून उतरून पाणी खाली रस्त्यावर सोडतात. पुढच्या दोन समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, मागच्या दोन डिकीकडून. घराची पन्हाळ पानांनी तुंबली की भिंत ओली होते ना, तेच. वरून सिलिकॉन फासलं तर पन्हाळ तुंबलेलीच राहते, काच अडकून मोटरवर लोड येतो आणि पुढे कोणीतरी ते ब्लेडने खरवडत बसतं. मी बसलोय, दोन रविवार.

आधी एक खात्री करा. पाऊस नसताना नुसता एसी चालवल्यावर ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी ओलं होत असेल तर बहुतेक एसीच्या पाण्याचा पाईप तुंबलाय, सनरूफच्या मागे लागू नका. छताचं कापड डागाळलंय, आतल्या लाइटमधून थेंब पडतायत, खांबाच्या प्लास्टिकवरून ओघळ आलाय, तर पुढे वाचा.

सनरूफ पूर्ण उघडा, पन्हाळीतला कचरा व्हॅक्युमने ओढून घ्या, ओल्या फडक्याने पुसा, पुसताना घाण भोकात ढकलू नका.

आता गाडी सपाट जागी लावून एकेका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. पुढचं पाणी बऱ्याच गाड्यांत पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकामागे पडतं, मागचं मागच्या बंपरच्या आसपास. काही सेकंदांत धार लागली तर तो कोपरा ठीक. पाणी तिथेच साचून राहिलं तर चोर सापडला.

आता खरं काम, आणि इथेच मी माती खाल्लीय. पहिल्या वेळी एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून वरच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा मारली, फट्ट असा आवाज आला, आम्ही दोघं खूश, मोकळी झाली नळी! आठवड्याने पाऊस आला तर आधी थेंब थेंब पडणारं पाणी आता छताच्या कापडातून तांब्याने ओतल्यासारखं आलं. झालं असं की नळीत अडकलेला कचऱ्याचा बोळा जागचा हलला नव्हता, वरची नळी तोटीवरून निसटली होती, म्हणजे पन्हाळीतलं सगळं पाणी थेट छतात. नळी तिथे नुसती दाबून बसवलेली असते, जोराच्या हवेपुढे टिकत नाही. त्यामुळे कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे, जोराची हवा मारू देऊ नका. लोखंडी तार पण नको, ती वळणावर नळीला भोक पाडते आणि ते भोक खांबाच्या आत असतं, म्हणजे दिसणार कधीच नाही.

गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आणा, दोन-अडीच मिलिमीटरची, हार्डवेअरवाल्याकडे मिळते. टोक लायटरने जरा वितळवून गोल करा, नाहीतर तेही टोचतं. दोन बोटांत फिरवत फिरवत आत सोडा. अडली की जोर लावायचा नाही, थोडी मागे घ्या, फिरवा, परत सोडा. बहुतेक वेळा बोळा अगदी खालच्या टोकाला असतो कारण तिथे मुद्दाम चीर ठेवलेलं रबराचं तोंड असतं आणि त्यात चिखल अडकतो, म्हणून ते तोंड हाताला येत असेल तर आधी तेच चिमटीत दाबून मोकळं करा. माझ्या गाडीतून करंगळीच्या पेराएवढा काळा गोळा निघाला, गुलमोहराच्या पाकळ्या आणि धूळ, आणि त्यामागून चहासारखं पाणी. मग कोमट पाणी ओतत राहा, स्वच्छ येईपर्यंत.

नळी निसटलीच असेल तर छताचा कोपरा खाली घ्यावा लागतो, सन व्हायजर, हँडल, खांबाचं प्लास्टिक सगळं काढून. त्या खांबात पडदा एअरबॅग असू शकते, त्यामुळे हे काम जाणकाराकडेच द्या, पण नळी बसवल्यावर छत लावायच्या आधी पाणी ओतून दाखवायला लावा.

रबर साबणाच्या पाण्याने धुऊन सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस बरं का, सीलंट नव्हे.

कार्पेट वरून कोरडं दिसलं म्हणून फसू नका, खालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि वर ती जाड मॅटिंग टाकलेली असेल तर ते कधीच वाळत नाही. मॅटिंग काढा, दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला, टॉवेल दाबून दाबून पाणी काढा, मग दोन दिवस टेबल फॅन. काही गाड्यांत वायरिंग तिथूनच जातं, त्यामुळे हे उद्यावर ढकलू नका. झाडाखाली गाडी लावत असाल तर वरची अर्धा कप पाण्याची टेस्ट मे अखेरीला एकदा आणि गणपतीच्या आसपास एकदा.