मजकुराची दिशा : वेब-मानकांत नव्याने येणाऱ्यांसाठी

वेबच्या मानकांवर (ब्राउझरनी पाळायच्या सामायिक नियमांवर) काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी मजकुराच्या दिशेचा विषय सुचवतो: उजवीकडून लिहिली जाणारी उर्दू आणि डावीकडून लिहिली जाणारी मराठी एकाच ओळीत आली, की काय होतं. मुंबई, भिवंडी, मालेगावात मराठी आणि उर्दू शेजारीशेजारी लिहिल्या जातात, त्यामुळे उदाहरणं हाताशीच असतात.

मला हा विषय उमगला तो एका साध्या ओळीतून. मराठी पानावर उर्दू लिपीतलं नाव, पुढे अपूर्णविराम, मग इंग्रजी आकड्यांत बारा आणि शेवटी 'प्रतिक्रिया'. ब्राउझरमध्ये तो बारा नावाच्या डावीकडे जाऊन बसतो. फाइलमध्ये क्रम बरोबरच असतो. पडद्यावरची मांडणी युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या मानकाचा) द्विदिश अल्गोरिदम, म्हणजे दोन्ही दिशांचा मजकूर एकत्र मांडायच्या नियमांचा संच, ठरवतो. त्यात उर्दू अक्षरांची दिशा पक्की, इंग्रजी आकड्यांची कच्ची, म्हणून आकडा आधीच्या नावाच्या ओघात ओढला जातो. तोच बारा देवनागरीत लिहा, ओळ सरळ होते! देवनागरी अंकांना युनिकोडने अक्षरांसारखीच पक्की, डावीकडून उजवीकडे जाणारी दिशा दिली आहे. म्हणून फक्त मराठी आकडे घालून चाचणी घेतली, तर हा दोष दिसतच नाही. आपल्याकडच्या प्रत्येक टेस्टरला हे माहीत असायलाच हवं.

उपाय म्हणजे ते नाव एचटीएमएलच्या (वेबपानं लिहायच्या भाषेच्या) बीडीआय (bdi) टॅगमध्ये ठेवणं, म्हणजे त्याचा परिणाम आजूबाजूच्या मजकुरावर होत नाही. दिशा सांगणारं डीआयआर (dir) अ‍ॅट्रिब्यूट १९९७च्या एचटीएमएल ४ मध्येच होतं, पण बीडीआय एचटीएमएल ५ ने आणला. असा मजकूर अलग ठेवणारी नियंत्रणचिन्हं युनिकोडमध्ये २०१३ साली, ६.३ आवृत्तीत आली.

डीआयआरला 'ऑटो' दिलं की पहिलं पक्क्या दिशेचं अक्षर बघून दिशा ठरते. पण उर्दू वाक्य इंग्रजी नावाने सुरू झालं, तर हा अंदाज चुकतो. भाषा आधीच माहीत असेल तर दिशा स्पष्ट लिहा, आणि तीही सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये) नको, मार्कअपमध्येच, म्हणजे एचटीएमएलच्या टॅगवरच. स्टाइलशीट लोड झाली नाही तरी वाक्य नीट वाचता आलं पाहिजे. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे.

हा द्विदिश अल्गोरिदम सांगणारं युनिकोडचं परिशिष्ट ९ नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही. एक मिश्र ओळ घ्या आणि कागदावर एकेक नियम लावत जा. मग एचटीएमएल मानकातला डीआयआरचा भाग वाचा आणि वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समध्ये, म्हणजे ब्राउझर मानकं पाळतात का हे तपासणाऱ्या सामायिक चाचणीसंचात, छोटी चाचणी लिहून पाठवा: एका पानावर ऑटो, दुसऱ्यावर तोच मजकूर, ऑटोने नियमानुसार निवडायला हवी तीच दिशा स्पष्ट देऊन. दोन्ही पानं हुबेहूब सारखी दिसली पाहिजेत.