रोजच्या प्रवासासाठी इलेक्ट्रिक कार घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

इलेक्ट्रिक कार घेण्याचा विचार सुरू झाला की बोलणे लगेच ‘एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते’ या आकड्यावर येते आणि तिथेच घुटमळत राहते. रोज कामावर जाण्यायेण्यासाठी गाडी हवी असेल, तर हा आकडा दुय्यम आहे. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि त्या जागेपर्यंत वीज पोहोचते का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्याचे उत्तर अनुकूल असेल तर मध्यम बॅटरीची साधी गाडीसुद्धा वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. प्रतिकूल असेल तर मोठ्या रेंजची महागडी गाडीही दर आठवड्याला डोकेदुखी ठरते. म्हणूनच शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी थोडा हिशेब घरी बसून करणे शहाणपणाचे आहे.

सुरुवात स्वतःच्या फेऱ्यांपासून करावी. साधारण पंधरा दिवस सध्याच्या गाडीच्या मीटरवरील आकडा रोज रात्री टिपून ठेवला, तर आपण खरोखर किती फिरतो ते कळते; अंदाज आणि वस्तुस्थिती यांत बराच फरक आढळतो. मात्र या नोंदींची सरासरी काढून थांबू नये. मुलांना शाळेतून आणणे, कामावरून परस्पर दवाखान्यात जाणे, अचानक दुसऱ्या ठिकाणी बैठक असणे अशा कारणांनी ज्या दिवशी सर्वाधिक धाव झाली, तो दिवस हिशेबासाठी धरावा.

आता किलोमीटरचे रूपांतर विजेत करावे. लहान आणि मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारला शंभर किलोमीटरसाठी साधारण १२ ते १५ किलोवॉट-तास, म्हणजे तितकेच युनिट वीज लागते. उंच आणि जड गाड्यांना १८ ते २२ युनिटही लागू शकतात. चार्जिंग करताना सुमारे दहा टक्के किंवा त्याहून थोडी अधिक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तीही बिलात येते. रोजची धाव ५० किलोमीटर आणि वापर शंभर किलोमीटरला १५ युनिट असेल, तर गाडीला साडेसात युनिट लागतात आणि मीटरवर साधारण साडेआठ युनिट पडतात. २३० व्होल्टच्या साध्या १० अँपिअर सॉकेटमधून जास्तीत जास्त २.३ किलोवॉट मिळतात, त्यामुळे एवढी वीज भरायला चार तासांहून कमी वेळ लागतो. अनेकांना घरी मोठा चार्जर बसवल्याशिवाय गाडी घेता येणार नाही असे वाटते. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्याच्या बाबतीत ती समजूत या गणितात टिकत नाही. ३२ अँपिअरचा एकफेजी चार्जर सुमारे ७.४ किलोवॉट देतो आणि तो सोयीचा नक्कीच आहे, पण रोज दीडशे किलोमीटर जाणाऱ्याला त्याची जितकी गरज आहे, तितकी पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला नाही. शिवाय गाडीच्या आत बसवलेल्या चार्जरची क्षमता जेवढी, तेवढ्याच वेगाने ही वीज भरली जाते. भिंतीवर ११ किलोवॉटचा चार्जर लावला आणि गाडीतला ३.३ किलोवॉटचाच निघाला, तर वरची क्षमता नुसती भिंतीला लटकून राहते.

या टप्प्यावर वायरिंगची तपासणी टाळू नये. इस्त्री किंवा किटली काही मिनिटे चालते, पण गाडी सलग चार, सहा, कधी दहा तास पूर्ण भाराने वीज खेचते, आणि जुनी तार, सैल सॉकेट किंवा कमकुवत अर्थिंग इतका वेळ तापत राहिले तर धोका निर्माण होतो. एक्सटेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करण्याचा विचार मनातूनही काढून टाकावा. परवानाधारक विद्युत कारागिराकडून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढून घ्यावे, त्यावर गळती झाल्यास वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे आणि घराचा मंजूर वीजभार पुरेसा आहे का हेही तपासून घ्यावे. स्वतःचे अंगण किंवा गॅरेज असेल तर हे काम सहसा एका दिवसात उरकते.

सामायिक पार्किंगमध्ये मात्र तांत्रिक अडचणींपेक्षा माणसांची संमती मिळवणे कठीण जाते. आपल्या मीटरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत केबल कोणत्या मार्गाने जाणार, तिचा खर्च कोण करणार, पुढे आणखी दहा जणांनी तीच मागणी केली तर इमारतीची जोडणी पुरणार का, हे प्रश्न व्यवस्थापन समितीपुढे येतातच, आणि तोंडी ‘बघू, होईल’ या उत्तरावर विसंबून गाडीची नोंदणी करणे धाडसाचे आहे. परवानगी लेखी हवी. पार्किंगची जागा दर वर्षी बदलत असेल किंवा घर भाड्याचे असेल, तर केबलवर केलेला खर्च वाया जाण्याची शक्यताही गृहीत धरावी. कामाच्या ठिकाणी दिवसभर चार्जिंगची खात्रीची सोय असेल, तर घरची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. पण ती सोय किती गाड्यांमध्ये वाटली जाते आणि नोकरी बदलली तर काय, याचाही विचार करावा.

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी सार्वजनिक चार्जर हा एकच मार्ग उरतो. तिथला दर घरगुती दरापेक्षा सहसा बराच जास्त असतो, चार्जर रिकामा आणि चालू स्थितीत सापडेलच असे नाही, आणि जलद चार्जिंगचा वेग बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर मुद्दाम कमी केला जातो, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळही जाऊ शकतो. घरी सोय नाही, कामावर नाही आणि नेहमीच्या वाटेवर भरवशाचे चार्जरही नाहीत, अशी स्थिती असेल तर माझे मत स्पष्ट आहे: सध्या इलेक्ट्रिक कार घेऊ नये, हायब्रिडचा, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, विचार करावा.

जागेचा प्रश्न सुटला की रेंजकडे वळावे. जाहिरातीतील आकडा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही चाचणी आधीच्या एनईडीसी चाचणीपेक्षा वास्तवाच्या जवळ आहे, तरीही प्रत्यक्षात गाडी त्याहून कमी जाते. वेग हे त्याचे मोठे कारण आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. उलट शहरातील संथ आणि थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत, जिथे पेट्रोलची गाडी सर्वाधिक इंधन पिते, तिथे इलेक्ट्रिक कार वेग कमी करताना मोटरमार्फत काही ऊर्जा परत मिळवते. रोजची वाट गर्दीची असेल तर हा फरक आपल्या पथ्यावर पडतो. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि केबिन गरम ठेवण्यासाठी वीज खर्च होते, त्यामुळे रेंज लक्षणीय कमी होते. उन्हाळ्यात एसीमुळे होणारी घट सहसा त्यापेक्षा सौम्य असते. थंडीला घाबरून बेत सोडण्याचे मात्र कारण नाही, कारण नॉर्वेसारख्या थंड देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी कारपैकी जवळजवळ नव्वद टक्के इलेक्ट्रिक होत्या.

आपल्याला किती रेंज पुरेल, हे ठरवण्याची एक सोपी पद्धत आहे. सर्वाधिक धावेचा दिवस १०० किलोमीटरचा आहे असे समजा. बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंत भरायची आणि १५ टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही, असे ठरवले तर वापरायला ६५ टक्के उरतात. जाहीर रेंजच्या तीन चतुर्थांशच प्रत्यक्षात मिळेल असे धरले, तर सुमारे २०५ किलोमीटर जाहीर रेंज लागते. काही वर्षांतील झिजेसाठी पंधरा टक्के क्षमता सोडून दिली की हा आकडा २४० च्या आसपास जातो. हिवाळा कडक असणाऱ्या प्रदेशात तो आणखी वाढवावा. याहून दुप्पट रेंजसाठी पैसे मोजणे म्हणजे वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी कायमची एक खोली जास्त बांधण्यासारखे आहे. लांबचा प्रवास क्वचितच होत असेल तर त्या वेळी वाटेत जलद चार्जिंग करणे किंवा दुसरी गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडू शकते.

बॅटरीच्या बाबतीत दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तिचा प्रकार. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेवढ्याच वजनात कमी ऊर्जा साठवते, पण अधिक चार्जिंग आवर्तने सोसते आणि पूर्ण भरण्याला चांगली दाद देते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरी मात्र रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी असा सल्ला बहुधा दिला जातो. दुसरी, तिला थंड ठेवण्याची व्यवस्था, कारण दीर्घकाळची उष्णता बॅटरीचे आयुष्य घटवते आणि उष्ण प्रदेशात द्रवाने थंड होणारी बॅटरी अधिक भरवशाची ठरते. वॉरंटी साधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि ७० टक्के शिल्लक क्षमता अशी असते, परंतु तिच्या अटी गाडीगणिक बदलतात आणि त्या अक्षरशः वाचाव्यात.

पैशांचा हिशेब करताना एक तुलना हाताशी ठेवावी. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक कारला चार्जिंगमधील घट धरून साधारण अडीच युनिट लागतात. तेव्हा एक लिटर पेट्रोलचा भाव आणि अडीच युनिटांचा भाव शेजारी लिहावा, आणि हे घरच्या दराने एकदा व सार्वजनिक चार्जरच्या दराने एकदा करावे. दोन्ही उत्तरांत इतकी तफावत निघू शकते की चार्जिंग कुठे होणार यावरच नफा-तोटा ठरतो. दोन गाड्यांच्या किमतींतील फरकाला प्रत्येक किलोमीटरमागील बचतीने भागले की किती किलोमीटरनंतर पैसे वसूल होतील ते कळते. ऑइल बदलणे, क्लच, इंजिनाची इतर देखभाल हे खर्च वाचतात आणि ब्रेकही कमी झिजतात. पण गाडी जड असल्यामुळे टायर लवकर संपू शकतात, विम्याचा हप्ता जास्त असू शकतो आणि विकताना मिळणाऱ्या किमतीबद्दल सावध राहावे, कारण नवी मॉडेल्स झपाट्याने येत आहेत. रोज दहा-पंधरा किलोमीटरच जाणाऱ्याला इंधनातील बचत किमतीचा फरक भरून काढायला फार वर्षे लागतील. त्याने शांत गाडी आणि घरीच भरणारे इंधन या सुखासाठी ती घ्यावी, पण बचत होईल या आशेने घेऊ नये.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी पुरेशी नसते; शक्य असल्यास तेच मॉडेल एक-दोन दिवस भाड्याने घेऊन आपल्या नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळी, घरच्यांना आणि सामानाला घेऊन चालवावे. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि परत आल्यावर शंभर किलोमीटरमागे किती युनिट खर्च झाले ते पाहावे. हा आकडा वरच्या हिशेबात गृहीत धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला, तर लागणारी रेंज, चार्जिंगचे तास आणि बचत ही तिन्ही गणिते नव्या आकड्याने पुन्हा मांडावीत आणि मगच नोंदणीची रक्कम भरावी.